एक स्टेशन आणि आठ हजार वेढे

आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांची नजर खिडकीखालच्या मेजावर गेली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे काय? शिवणयंत्र मोडून ठेवले आहे की काय?" प्रश्न अगदीच गैरलागू नसतो. सागवानी फळीच्या एका तुकड्यावर शिवणयंत्राची विजेची मोटर बसवलेली आहे. तिच्यावरून निघालेला रबरी पट्टा एका लाकडी चाकाला फिरवतो. चाकाच्या आसाला पुढे एक गोल चकती, मागे एक छोटेसे चुंबक आणि बाजूला दोन तारा जोडलेला जुना खिशातला कॅल्क्युलेटर. मेजाखाली मोटरचे पायदान. विद्युत गिटारचा 'पिकअप' गुंडाळण्याचे हे यंत्र आहे, असे आम्ही सांगतो. पाहुणे "असे होय!" म्हणतात आणि चहाच्या कपाकडे वळतात.

हे यंत्र का बनवले, असे कुणी विचारलेच तर "चर्चची गिटार बंद पडली होती म्हणून" एवढेच उत्तर आम्ही आजवर देत आलो. ते खोटे नाही. पण त्या उत्तरातून जे गाळले जाते तेच सांगण्यासारखे आहे, आणि ते सांगण्याचे धैर्य करावयास आम्हांला बराच काळ लागला.

आमचे धर्मग्राम अंबरनाथचे. इथल्या कारखान्यांत पोटापाण्यासाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे वसईकडून, नगर जिल्ह्यातून, गोव्याहून आणि केरळातूनही आलेली. प्रत्येकाची गाणी वेगळी, चाली वेगळ्या. त्यांना एका सुरात आणण्याचे काम गायनवृंदाकडे, आणि गायनवृंद सांभाळण्याचे काम पुष्कळ वर्षे आमच्याकडे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचा आपला दस्तऐवज संमत केला. त्यात पाइप ऑर्गनचा मान राखून, उपासनेस साजेशी असतील ती इतर वाद्येही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने चर्चमध्ये वापरावीत, अशी मुभा ठेवली गेली. त्या मुभेच्या दारातूनच ढोलकी, पेटी आणि गिटार आत आली. तरी आमच्या वृंदाने वर्गणी काढून एक वापरलेली विद्युत गिटार घेतली तेव्हा काही ज्येष्ठांनी नाके मुरडलीच. "हे सिनेमाचे वाद्य," असे त्यांचे म्हणणे. एका परीने तेही खरे होते. लखनौहून मुंबईस आलेल्या वान शिप्ली या ख्रिस्ती वादकाने विद्युत गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या त्यांनी तरुणपणी ऐकल्या होत्या. वादक ख्रिस्ती होता, हे आम्ही त्यांना आवर्जून सांगितले. त्याने फारसा फरक पडला नाही. पण नाताळच्या रात्री तिचे सूर घुमले तेव्हा मुरडलेली नाके सरळ झाली.

ही गिटार वाजवणारा मुलगा आमच्याच हाताखाली शिकला. नाव सांगत नाही. वडील लवकर गेलेले, आई एका कारखान्यात पाकिटे भरण्याच्या कामावर. मुलगा अबोल, पण कानाचा पक्का. वृंदात कुणाचा सूर पाव पट्टी उतरला तरी तो मान वर करून पाही, बोलत मात्र नसे.

२०१८च्या आगमनकाळातील गोष्ट. नाताळगीतांची तालीम सज्जावर चालली होती. मुलगा गिटार घेऊन जिना चढला, गिटार ध्वनिवर्धकाला जोडली आणि तारा छेडल्या. पण आवाज नाही. वायर बदलून पाहिली, खटके फिरवून पाहिले. ध्वनिवर्धकातून नुसती घरघर. तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, "जिन्याच्या कठड्याला आपटल्याचा आवाज आला होता." नाताळ दहा दिवसांवर आलेला, आमचे डोके आधीच तापलेले. आम्ही त्या मुलाला पंधरावीस जणांसमोर नको ते बोललो. वर्गणीच्या पैशांचा उल्लेख केला. 'फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते' हेही वाक्य आमच्या तोंडून गेले. तो एकदाच म्हणाला, "सर, मी आपटली नाही." मग त्याने गिटार पिशवीत नीट ठेवली, चेन लावली आणि जिना उतरून गेला. त्यानंतर तो तालमीला आला नाही. काही महिन्यांनी मायलेकांनी अंबरनाथ सोडून बदलापूरला घर घेतल्याचे कळले. शिक्षण अर्धवट टाकून तो उल्हासनगरात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागला, असेही कानावर आले. आम्ही "बरे झाले, कामाला लागला," असे म्हटले आणि विषय मिटवला. वृंदासाठी एक की-बोर्ड घेतला गेला. गिटार पिशवीसकट आमच्या घरी माळ्यावर गेली.

२०२० साली टाळेबंदी आली. चर्चची दारे बंद, मिस्सा पडद्यावर, तालमी नाहीत. रिकाम्या हातांना काम हवे म्हणून आम्ही एका दुपारी गिटार खाली काढली आणि स्क्रू खोलून पिकअप बाहेर काढला.

पिकअप ही वस्तू दिसायला अगदी साधी. प्लास्टिकची एक चपटी बॉबिन, तिच्यातून आरपार गेलेल्या सहा लोखंडी खुंट्या, खाली चुंबकाची एक पट्टी आणि बॉबिनभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे गिटारची पोलादी तारही थोडीशी चुंबकित होते. ती कंप पावली की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र हलते, आणि हलत्या क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले हेच तत्त्व सायकलच्या डायनॅमोत आहे आणि वीजनिर्मितीच्या जनित्रांतही. फक्त इथे निर्माण होणारी वीज व्होल्टच्या काही अंशांएवढीच, म्हणून तिला ध्वनिवर्धक लागतो. लाकडी गिटारचे पोट आवाज वाढवते. विद्युत गिटारला आवाजासाठी पोट लागत नाही, हे वेटोळे लागते.

मल्टिमीटरच्या कांड्या पिकअपच्या दोन टोकांना लावल्या. धडधाकट वेटोळे सहा हजार ओहमच्या आसपास आकडा दाखवते. आमच्या मीटरवर काहीच उमटले नाही. म्हणजे तार कुठेतरी तुटलेली. भिंग घेऊन पाहू लागलो. वेटोळ्याचे बाहेरचे टोक, जे कारखान्यात जोडले गेले होते, ते स्वच्छ आणि तांबूस होते. आतले टोक जिथे जोडले होते तिथे मात्र हिरवट पूड साचली होती. टाचणीने स्पर्श केला आणि टोक मातीसारखे गळून पडले.

ती हिरवी पूड पाहताच आम्ही भिंग खाली ठेवले. २०१४ साली याच टोकाची बाहेरची वायर सुटली होती आणि ती आम्हीच जोडली होती. विजेच्या नाजूक कामात डाग देताना राळ वापरायची असते, हे आम्हांला ठाऊक होते. पण राळ त्या दिवशी घरात नव्हती आणि संध्याकाळी मिस्सा होती. शेजारच्या पत्र्याच्या कामवाल्याकडून चिमूटभर नवसागर आणून आम्ही डाग दिला. कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच नवसागर. त्याने धातू झटकन स्वच्छ होतो आणि कथील छान धरते. पण त्याचा अंश मागे राहिला की हवेतला ओलावा पिऊन तो तांबे खात राहतो. भांड्याच्या जाड पत्र्याला ते सोसते. केसाएवढ्या तारेला कसे सोसणार? चार पावसाळे ती कुरतडली जात होती, आणि ज्या संध्याकाळी तिचा शेवटचा धागा सुटला त्या संध्याकाळी गिटार त्या मुलाच्या हातात होती, इतकाच त्याचा अपराध.

कुणीही सुज्ञ माणूस त्याच वेळी गाडीत बसण्याजोगी सोय होताच बदलापूर गाठता. अंबरनाथहून बदलापूर एकच स्टेशन. आम्ही तसे केले नाही. आम्ही ठरवले की आधी पिकअप पुन्हा गुंडाळायचा, गिटार बोलती करायची आणि मग ती घेऊनच त्याच्या दारी जायचे. रिकाम्या हाताने काय जायचे? विचार वरवर किती उदात्त दिसतो! नवा पिकअप काही शे रुपयांत घरपोच मिळतो, असे घरातल्या मुलांनी सांगितले. तेही आम्ही ऐकले नाही. "स्वतःच्या हाताने बिघडले ते स्वतःच्या हातानेच सुधारले पाहिजे," असे एक सुभाषित आम्ही तयार करून ठेवले. आज मागे पाहता दिसते ते असे की यंत्राला लागणारे महिने आम्हांला हवेच होते. जोवर यंत्र पूर्ण होत नव्हते तोवर बदलापूरला जावे लागत नव्हते.

टाळेबंदीचे निर्बंध सैल होत गेले तसे २०२१च्या पावसाळ्यानंतर काम सुरू झाले. सामानासाठी उल्हासनगरासारखे गाव नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवले गेले. १९४९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून उल्हास नदीवरून गावाचे नाव पडले. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांनी हाताला लागेल त्या वस्तूचा धंदा उभा केला. त्यामुळे इथे जे बनत नाही ते दुरुस्त होते, आणि जे दुरुस्त होत नाही ते सुटे करून विकले जाते. 'यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्या भागात कुणाला सांगावा लागत नाही. पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवण्याचा मोठा धंदा वाढला, त्यामुळे शिवणयंत्रे आणि त्यांच्या मोटरींची दुकानेही मुबलक. पायदानासकट एक जुनी मोटर आम्ही तिथून आणली. मोटरनेच सुरुवात करण्यामागे एक वाचलेली गोष्ट होती. अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज बीचम नावाच्या वादकाने विद्युत गिटारचा पहिला यशस्वी पिकअप बनवला. त्या गिटारचा आकार तव्यासारखा म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत, आणि तिचे पेटंट त्याला १९३७ साली मिळाले. त्याने वेटोळे गुंडाळण्यासाठी घरातल्या कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर काढली असे सांगतात. त्याचा सहकारी म्हणे की पुढे शिवणयंत्राची मोटर वापरली. म्हणजे या कलेचा उगमच घरातले एखादे यंत्र मोडण्यात आहे. घरात आम्ही ही परंपरा सांगून पाहिली. तरीही मोटर बाहेरून आणणेच इष्ट ठरले.

शिवणयंत्राची मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. तारेला तो वेग झेपणारा नाही. म्हणून मोटरवर लहान पुली आणि आसावर तिच्या दसपट व्यासाचे लाकडी चाक. आस म्हणजे आठ मिलिमीटरची पोलादी सळई, दोन बेअरिंगांत बसवलेली. पुढच्या चकतीवर दुहेरी चिकटपट्टीने बॉबिन चिकटवायची. वेढे मोजण्यासाठी कॅल्क्युलेटरची युक्ती केली. कॅल्क्युलेटरवर एक अधिक एक करून 'बरोबर'ची कळ दाबत राहिले की प्रत्येक वेळी आकडा एकाने वाढतो. त्या कळीच्या दोन टोकांना तारा जोडून त्या एका 'रीड स्विच'ला लावल्या. हा स्विच म्हणजे काचेची इवलीशी नळी. आत धातूच्या दोन पात्या, चुंबक जवळ आले की त्या एकमेकींना चिकटतात. चाकावर चुंबक, शेजारी नळी. चाकाचा एक फेरा झाला की आकडा एकाने पुढे. वेग फार वाढला तर कॅल्क्युलेटर गोंधळतो आणि फेरे गाळतो. म्हणून हाताने शंभर फेरे फिरवून, मग सावकाश मोटरने फिरवून आम्ही खात्री करून घेतली. ज्या दिवशी पडद्यावर बरोबर १०० आले त्या दिवशी आम्हांला लहान मुलासारखा आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे.

तार मात्र सहजी मिळेना. पंख्याच्या आणि पंपाच्या मोटरींना लागणारी तार वेगळी, जाड. आम्हांला हवी होती ४६ नंबरची. तिची जाडी मिलिमीटरचा साधारण सोळावा भाग. वर इनॅमलचा पातळ थर. शंभर ग्रॅमचे वजनही ती पेलत नाही. एका बॉबिनवर आठ हजार वेढे घालायचे म्हटले तर एक किलोमीटरहून थोडी अधिक तार लागते, आणि एवढ्या सगळ्या तारेचे वजन भरते तीस ग्रॅमच्या आसपास. चार दुकाने फिरल्यावर एका म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराने मागच्या फडताळातून रीळ काढले, टोक उजेडात धरले आणि म्हणाला, "साहब, ये तार नहीं, बाल है. संभाल के." त्याच्या दुकानापासून तिसऱ्या गल्लीत तो मुलगा काम करत होता. दुकान कोणते, हे आम्हांला ठाऊक होते. आम्ही दुसऱ्या बाजूने रिक्षा केली.

पहिला प्रयत्न जानेवारी २०२२मध्ये झाला. रीळ जमिनीवर उभे ठेवून तार वरून सोडवून घ्यायची, बनातीच्या दोन तुकड्यांमधून ओढायची आणि बोटाने डावी-उजवीकडे नेत बॉबिनवर पसरायची. २३००व्या वेढ्याला तार तुटली. बारीक तार तुटते तेव्हा आवाज होत नाही; बोटाखालचा भार नाहीसा होतो आणि मोटर पुढे रिकामीच फिरत राहते. दुसऱ्या वेळी भीतीने तार ढिली सोडली. आठ हजार वेढे पूर्ण झाले, पण वेटोळ्याचे पोट असे फुगले की झाकण बसेना. तिसऱ्या वेळी ६००० पार केले आणि पुन्हा तुटली. चौथ्या वेळी ३९००. आम्ही तारेला नावे ठेवली, मग दुकानदाराला ठेवली. "जुना माल गळ्यात मारला," असे घरात मोठ्याने म्हणालो. म्हणाल्यावर आपलाच आवाज ओळखीचा वाटला. सज्जावर, २०१८ साली, हाच आवाज होता.

२ मार्चला राखेचा बुधवार झाला. उपवासकाळात मत्तयच्या शुभवर्तमानातील तो उतारा पुन्हा वाचनात आला, जिथे प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हा उतारा आम्ही कितीदा ऐकला असेल! त्यात अर्पण दुरुस्त करून मग जा, असे कुठेही नाही. अर्पण तसेच टाकून जा, असे आहे.

त्या शनिवारी आम्ही बदलापूरची गाडी धरली. एक स्टेशन, बसायला जागा शोधेपर्यंत ते येते. सोबत गिटार नव्हती. खिशात एका पाकिटात मोकळी बॉबिन होती, का घेतली कोण जाणे.

दार त्याच्या आईने उघडले. ओळखायला त्यांना क्षणभर लागला. तोंडावर मास्क होता. "या सर," म्हणाल्या, पाणी दिले. मुलगा नुकताच कामावरून येऊन हात धूत होता. नखांत वार्निशचा काळा रंग. आम्ही मनात जुळवून नेलेली वाक्ये एकही आठवेना. जे काही बोललो त्यात नवसागर होता, हिरवी पूड होती आणि २०१४ सालचा तो दिवस होता. आम्हांला लिहिताना 'आम्ही' म्हणण्याची सवय आहे; बरे वाटते, एकटे वाटत नाही. त्या खोलीत तो शब्द उपयोगी पडला नाही. "चूक माझी होती," असेच म्हणावे लागले. मिस्साच्या आरंभी आपण सारे मिळून पापांची कबुली देतो, पण एकमुखाने म्हणतानाही ती एकवचनीच असते. इतकी वर्षे ती म्हणताना हे आमच्या लक्षात आले नव्हते.

कुणी काही बोलले नाही. मग त्याची आई म्हणाली, "त्या नाताळला आमच्या दारात तारा लागला नाही, सर." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते अधिक लागले. मुलगा टॉवेलला हात पुसत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले,

"तार किती नंबरची घेतली, सर?"

"छेचाळीस."

"आणि तुटते कुठे?"

आम्ही बॉबिन पुढे केली. त्याने ती उजेडाकडे धरली आणि अंगठ्याचे नख तिच्या कडेवरून हळूच फिरवले. एका जागी नख अडकले. पुन्हा फिरवले, पुन्हा तिथेच अडकले. "इथे खाच आहे," तो म्हणाला. "ब्लेड लागलंय." जुनी तार काढताना घाईने ब्लेड चालवणारे आम्हीच. म्हातारा दुकानदार निर्दोष सुटला.

पुढच्या रविवारी तो आमच्याकडे आला. प्रथम त्याने झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने बॉबिनची कड गुळगुळीत केली. मग यंत्राभोवती एक फेरी मारली, पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला आणि कॅल्क्युलेटर पाहून पहिल्यांदा हसला. बनातीचे दोन्ही तुकडे त्याने थोडे सैल केले. "सर, तार धरायची नाही. बोट नुसतं टेकवायचं. तिला जायचंच आहे. आपण फक्त कुठं जायचं ते सांगायचं." पायदानावर त्याचा पाय आणि तारेवर त्याचे बोट. आम्ही शेजारी बसून आकडा वाचण्याचे काम पत्करले. हजार झाले, दोन हजार झाले. २३००ला आम्ही श्वास रोखला. तो मात्र तारेकडे पाहतही नव्हता. मान किंचित कलती करून मोटरचा आवाज ऐकत होता, पूर्वी वृंदात ऐकत असे तसा. अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागला असेल. ८००० आले, त्याने पाय उचलला. टोके खरवडून राळेने, या वेळी राळेनेच, डाग दिला. मीटरवर ६.४ किलोओहम उमटले. "ठीक आहे," तो म्हणाला. या दोन शब्दांसाठी आम्ही दीड वर्ष थांबलो होतो, असे तेव्हा वाटले.

एक काम उरले होते. वेढ्यांमध्ये पोकळी राहिली तर मोठ्या आवाजात तार थरथरते आणि ध्वनिवर्धक किंचाळू लागतो. म्हणून वेटोळे मेणात बुडवून पोकळ्या भरतात. मेण साधारण पासष्ट अंशांवर ठेवावे लागते. जास्त तापले तर बॉबिनच वितळते. आम्ही चर्चच्या सेवकाकडून वेदीवरच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे मागून आणले आणि गरम पाण्यात ठेवलेल्या पातेलीत वितळवले. पास्काविधीच्या रात्री मेणबत्तीची स्तुती गातात, तिच्या लॅटिन मूळ पाठात मेण बनवणाऱ्या मधमाश्यांचाही उल्लेख आहे. वेटोळे मेणात सोडले तेव्हा त्यातून बारीक बुडबुडे वर येत राहिले. ते थांबेपर्यंत आम्ही दोघे पातेलीशेजारी उभे होतो. त्या वेळात त्याने कामाविषयी बरेच सांगितले : पंख्याची वाइंडिंग कशी भरतात, वार्निश कसे सुकवतात, शेठ पगार वेळेवर देतो की नाही. सज्जावरच्या त्या संध्याकाळीविषयी तो एकच वाक्य बोलला. "मी तेव्हाच मीटर लावून बघणार होतो, सर. तुम्ही बघू दिलं नाही."

आम्ही त्याला पंधरावीस जणांसमोर बोललो होतो; त्यामुळे चार भिंतींआड मागितलेली क्षमा पुरी नव्हती. झावळ्यांच्या रविवारी तालमीच्या आरंभी आम्ही वृंदापुढे उभे राहिलो आणि सारे सांगितले. त्या दिवशीचे काही जण आता वृंदात नाहीत. त्यांपैकी दोघांना फोन केला. एकजण म्हणाला, "सर, कठड्याला जे आपटलं ते माझं हेल्मेट होतं. तेव्हा बोलायला हवं होतं." म्हणजे गप्प राहणारे आम्ही एकटेच नव्हतो.

पवित्र गुरुवारी महिमास्तोत्र झाले की वाद्यांनी विसावा घ्यायचा आणि पास्काविधीच्या रात्री महिमास्तोत्रालाच पुन्हा जागे व्हायचे, हा आपला नियम. १६ एप्रिल २०२२च्या रात्री घंटा वाजल्या, दिवे लागले आणि गिटार बोलली. ती आता वृंदातली एक मुलगी वाजवते. तो मुलगा आईसह मागच्या बाकावर बसला होता. आम्ही सज्जावरून पाहिले. त्याची मान किंचित कलती होती.

तो गायनवृंदात परत आला नाही. तसे होईल अशी आमची मनातून आशा होती, ती कबूल करतो. त्याचे घर बदलापूरला, त्याचे धर्मग्राम आता तिथले, आणि मधली तीन वर्षे आम्ही त्याला परत देऊ शकत नाही. पण कधीकधी रविवारी दुपारी तो येतो. त्याच्या धर्मग्रामातील गिटारचा पिकअपही त्याने याच यंत्रावर गुंडाळला. यंत्राच्या फळीला त्याने खाली रबराचे पाय लावून दिले, त्यामुळे आता ते थरथरत नाही.

तर पाहुण्यांनी पुढच्या वेळी विचारले की हे यंत्र कशासाठी, तर हा लेख त्यांच्या हाती द्यावा, असे आम्ही ठरवले आहे. आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी असेच एखादे काम अर्धवट पडले असेल, ते पुरे झाले की मग अमक्याच्या घरी जायचे असे ठरवले असेल, तर एवढेच सांगावेसे वाटते : काम राहू द्या. गाडी पकडा. आमचे स्टेशन एकच होते. तरी आम्हांला दीड वर्ष लागले.